शंभर वर्षांची लाट

स्टाव्हांगर बंदरातल्या आमच्या कचेरीत गुनवोर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म वादळात टिकतील का, हे ती ठरवायची. शंभर वर्षांत एखाद्याच वेळी येईल अशी लाट किती उंच असेल, ते काढायचं आणि डेक, म्हणजे माणसं वावरतात तो मजला, तिच्या वर ठेवायचा. पण लाटांच्या नोंदी थोड्याच वर्षांच्या. पुढचा सगळा अंदाज.

एका जानेवारीत तिच्या आकड्याहून मोठी लाट आली. प्लॅटफॉर्म टिकला, पण खालच्या जिन्यावरून ओडवार नावाचा वेल्डर वाहून गेला. सापडलाच नाही. चौकशीत दोष कुणाचाच निघाला नाही.

चर्चमध्ये त्याच्यासाठी झालेल्या प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी त्याची बायको योरुन गुनवोरसमोर येऊन उभी राहिली.

"शंभर वर्षांनी यायची होती ना ती? मग एवढी कसली घाई झाली तिला?"

"शंभर वर्षांची म्हणजे... उद्याही येऊ शकते, योरुन."

"मग तसं सांगायचं होतं ना, बाई! तो म्हणायचा, आपल्या हयातीत काही येत नाही."

गुनवोरने न प्यालेला कप खाली ठेवला.

त्यानंतर ती बदलली. कुठे दार आपटलं की टेबलाची कड घट्ट धरायची. एकदा मला म्हणाली, "आलेखावरचे ठिपके संपतात आणि नुसती रेघ पुढे जाते ना, तिथे तो उभा दिसतो मला."

तिने सगळं पुन्हा मोजलं. या खेपेला आपल्याला काय ठाऊक नाही, तेही धरून. निष्कर्ष एकच: मोठ्या वादळाआधी माणसं किनाऱ्यावर आणायची.

"दर वादळाला सुट्टी?" आमचा साहेब स्वेरे उसळला. "वरचे मला समुद्रात टाकतील!"

"टाकू देत," गुनवोर म्हणाली. "वादळाआधी टाकलं, तर सापडशील तरी."

कुणी हसलं नाही. स्वेरेने तिच्या अहवालावर सही केली.

पुढच्या हिवाळ्यातल्या वादळात रिकामा केलेला डेक आम्ही कचेरीतल्या पडद्यावर पाहत होतो. लाट उठली, पडदा पांढरा झाला. पुन्हा दिसू लागलं तेव्हा एका बाजूचे कठडे गेले होते. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

गुनवोर मात्र पडद्याला नाक लावून उभी. "कोणीतरी आहे तिथे."

"सगळे उतरलेत गं. मोजलेत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, पण हलली नाही.

निवृत्तीनंतर ती आत डोंगरात राहायला गेली. तिथून समुद्र दिसत नाही. तरी वारा सुटला की माझा फोन वाजतो.

"सगळे उतरले का रे?"