हालचालीचं शास्त्र शिकवणारी बाई

माझा विषय कायनेसिओलॉजी. माणूस उठतो, वाकतो, उचलतो, पडतो, तेव्हा हाडं, स्नायू आणि नसा मिळून काय करतात, ते मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शिकवते. एवढं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे पीटीच्या मॅडम का? मग मी फिजिओथेरपिस्ट नाही, योगावाली नाही, मालीशवाली तर नाहीच नाही, असं सांगत बसते. आपण कोण नाही हे सांगण्यातच निम्मा जन्म गेला, वैताग नुसता. कॉलेजही काही वेगळं नाही. क्रीडादिन आला की माझ्या हातात शिट्टी देतात आणि धावपट्टीच्या कडेला उभं करतात.

माझं माहेर कागलजवळ. धाकटा भाऊ पैलवान, कोल्हापुरात तालमीत राहायचा. गावच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान तोंडावर आलं होतं, त्याची जोड ठरली होती, म्हणून तो घरी आला होता. मीही गेले होते. जेवताना आईनं मागून हाक मारली, तर हा नुसती मान न वळवता खांद्यासकट अख्खा वळला. पाण्याचा तांब्याही डाव्या हातानं उचलला. मी त्याला घरामागच्या परड्यात नेऊन खोदून विचारलं. सरावात मानेवर पडल्यापासून उजव्या हाताला मुंग्या येतात, म्हणाला. माझी बोटं दाब म्हटलं, तर पकडीत जोरच नव्हता.

मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, सरळ सांगितलं की मानेत नस दबलीय, एमआरआय काढून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय याला मातीत उतरवू नका.

"डॉक्टर हाईस का तू?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय."

"मग गप बस की."

पोस्टरवर फोटो छापून झाला की पैलवानानं माघार घ्यायची नसते. घेतली तर गाव त्याला पळपुटा म्हणतं, आणि बापालाही ऐकवतं. म्हणून आप्पांनी त्याला मान बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं एक हिसका दिला, कट्ट आवाज आला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी कोल्हापूरहून फोनवर घसा फोडून सांगत होते की आवाज आला म्हणजे मान बरी झाली असं नसतंय रे बाबा. भाऊ हसला. मान मोकळी झालीया ताई, म्हणाला.

मैदानात समोरच्यानं त्याला उचलून टाकलं. तो मानेवर आला आणि उठलाच नाही.

आता तो सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, कॉटवर असतो. मानेखाली काही हलत नाही. पुढं काय होणार नाही, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आप्पा मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, आमची पोरगी शरीराच्या हालचालीचं शास्त्र शिकवती, प्रोफेसर हाय. इतकी बिनचूक ओळख मला आजवर कुणी दिली नव्हती. ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटतं.

परवा पावणे बसलेले असतानाच त्यांनी मला हाताला धरून कॉटपाशी नेलं आणि भावाच्या पायावरची चादर काढली.

"एवढं शिकलीयास. हलव की त्याला."

सांधे आखडू नयेत म्हणून मी हल्ली रोज कॉलेज सुटल्यावर येऊन करते तसा त्याचा पाय घोट्यातून वर-खाली केला. भाऊ माझ्याकडं बघत होता. आप्पांचा चेहरा उजळला.

"हललं की," ते पावण्यांना म्हणाले.

"मी हलवलं, आप्पा," मी म्हणाले. "त्यानं न्हाय."