सुहासचं बारावं कार्ड

सुहास गेला त्या दिवशी मी अबूधाबीजवळच्या मुसफ्फात होतो. निरोप दुपारी आला. मी घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्याच्या पाच वर्षं आधी, नव्वदच्या दशकात, मी चिपळूण सोडलं. एस.टी. स्टँडवर बाबा म्हणाले, "पोचलास की दोन ओळी टाक." माझा धाकटा भाऊ सुहास पायरीवर बसून होता. लहानपणापासून त्याच्या हृदयाची झडप नीट बंद होत नसे. चार पावलं भराभर टाकली तरी त्याला धाप लागायची. तो म्हणाला, "दादा, तिकडे ग्राउंड असलं तर बघ आणि मला सगळं लिही."

ग्राउंड नव्हतं. शेड होत्या, वेल्डिंगच्या ठिणग्या होत्या, कंपनीची बस होती. पण आमच्या फॅब्रिकेशनच्या कामावर डॅन नावाचा अमेरिकन इन्स्पेक्टर यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बेसबॉलची कार्डं मांडून बसायचा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे आकडे आणि त्या खेळाडूची एखादी लकब. दुबार झालेली काही कार्डं त्याने मला दिली. मी ती सुहासला पाठवली.

सुहासने हा खेळ कधी पाहिला नव्हता. डिक्शनरी घेऊन तो कार्डांच्या पाठी वाचू लागला. त्याच्या पत्रांतून प्रश्न यायचे, मी ते डॅनला विचारायचो. खेळाडू चुन्याच्या रेषेवर पाय का देत नाहीत? अपशकुन, डॅन म्हणाला. सुहासने उलट टपाली लिहिलं, "म्हणजे त्यांच्याकडेही आपल्यासारखीच आई आहे, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू न देणारी." चार चेंडू वाईट पडले की फलंदाजाला चालत पहिल्या तळावर जाता येतं, हे कळल्यावर तर तो फारच खूश झाला. "दादा, हा माझा खेळ. यात चालत जायची परवानगी आहे."

बारा कार्डांचा एक संच होता. अकरा त्याच्याकडे झाली होती. राहिला होता तो चेंडू टाकण्याआधी तीनदा कान चोळणारा एक पिचर. आम्ही त्याला कानवाला म्हणायचो. तो सुट्टीत मी स्वतः घेऊन येईन, असं कबूल केलं होतं. डॅनने कानवाला मिळवून दिला, पण नेमकं शटडाउनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं, काम निघालं आणि माझी सुट्टी रद्द झाली. आखातात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मग आईचं पत्र आलं: सुहास आता अंथरुणावरच असतो, पोस्टमनची वाट बघतो.

मी कार्ड टपालाने पाठवायचं ठरवलं. चिपळूणला पावसाळा होता. ऑफिसात गेटपाससाठी लॅमिनेशनचं मशीन होतं. ते चालवणारे रफीकभाई म्हणाले, "यल्ला, चलो, डाल दो. पानी क्या, हवा भी नहीं जाएगी." गरम कार्ड माझ्या हातात पाहून डॅनने डोक्याला हात लावला. "खलास!" तो म्हणाला. लॅमिनेट केलेलं कार्ड शौकिनांच्या लेखी बाद असतं.

हे मी कार्डासोबत सुहासला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, ते शेवटचं: "डॅनसाहेबांना सांग, आमच्या घरात रेशनकार्डापासून बाबांच्या सर्टिफिकेटांपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये असतं. कानवाला आता घरचा झाला. तू कधी येतोस?"

मी गेलो तेव्हा आईने बिस्किटांचा डबा पुढे केला. दमट हवेने अकरा कार्डं फुगून एकमेकांना चिकटली होती. सोडवायला गेलो तर चेहरेच निघून आले. कानवाला मात्र जसाच्या तसा होता. आई म्हणाली, "औषध घेण्याआधी तीनदा कान चोळायचा. म्हटलं, काय रे हे? तर म्हणे, नियम आहे."

आता आई-बाबा बहिणीकडे पुण्याला असतात. चिपळूणच्या घराला कुलूप आहे. माझी मुलगी अबूधाबीतच वाढली, तिने खणातलं कार्ड पाहून एकदा विचारलं, "हू इज ही, बाबा?" मी म्हटलं, "आपल्या घरचा आहे."

सुहासच्या त्या शेवटच्या पत्राला मी उत्तर लिहिलं नव्हतं. ते पत्र आणि ते कार्ड माझ्याकडे आहेत.