पाण्याचं भांडं

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत गुरांचे डॉक्टर बदलापूरला फक्त मंगळवारी यायचे. जवळच्याच कात्रप गावात आमच्या कुत्र्याचा जबडा शनिवारी उघडाच राहिला आणि लाळ गळू लागली. शेजारी लांबूनच म्हणाले, "वहिनी, पिसाळलंय ते. पाणी दाखवू नका, अजून बिथरेल."

आम्ही त्याला गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधलं आणि मुलांना घरात घेतलं. डॉक्टरांना सगळं नीट सांगता यावं म्हणून मी यादी केली: लाळ, घोगरा आवाज, खात नाही, पाणी पीत नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी गोठ्यात येऊन ती यादी वाचली. मग हातमोजे घालून जाड काठीने त्याचा जबडा फाकवला आणि दाढांमध्ये आडवं अडकलेलं हाड चिमट्याने काढलं.

"पिसाळलेला नाही हा," ते म्हणाले. "पाणी पुढे ठेवल्यावर काय करत होता?"

मी यादीकडे पाहिलं. तीन दिवसांत त्याच्यापुढे पाणी कोणी ठेवलंच नव्हतं. मी भांडं भरून आणलं. त्याने जीभ लावली, पण त्याला मान धरवेना. संध्याकाळी आम्ही त्याला शेताच्या बांधाजवळ पुरलं. भांडं तसंच भरलेलं होतं.