रेवदंड्याला उशिरा गेलेली गाडी

माझी थोरली नणंद घाटाखाली, रेवदंड्याला दिलेली. "समुद्र बघायला ये गं," असं त्या दर खेपेला म्हणायच्या आणि मी "आमच्याकडं मुळशीचं धरण हाय की, वन्सं" म्हणून त्यांची बोळवण करायची. धरणाला लाटा नसतात, एवढंही माझ्या डोक्यात येत नव्हतं.

पुढं आयटी कंपन्या आल्या आणि आमच्या माण गावातली जमीन विकायची ठरली. अशा वेळी बहिणींनी हक्कसोडीच्या कागदावर सही करायची, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडायचा, आणि भावजयीनं त्यांना साडी नेसवून वाटेला लावायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या नवऱ्याला बहिणीपुढं कागद धरायचा धीर होईना. मला बरा झाला! मी साडी पुढं केली आणि म्हणाले, "करा सही, वन्सं. दिवाळीला गाडी धाडते, माहेरपणाला या."

त्यांनी सही केली. जमिनीच्या पैशातून जुन्या घराच्या जागी इमारत उभी राहिली आणि दारात गाडी आली. तिच्यात गॉगल लावून मी पौडपर्यंत कोथिंबिरीची जुडी आणायला जायची. काय तो थाट, आणि काय ते ध्यान! दिवाळ्या येत गेल्या, पण गाडी काही घाट उतरली नाही. नवरा गेला तेव्हा वन्सं एस्टीनं आल्या, भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि आमच्या घरचा पाण्याचा घोटही न घेता परत गेल्या.

यंदा नात गाडी चालवायला शिकली. तिला किल्ले बघायचे होते, मला वन्संची माफी मागायची होती. माले गाव मागं पडलं, धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहिलं, मग ताम्हिणीची वळणं. कोलाड, रोहा करत साळावच्या पुलावर आलो तर खाडी एकदम रुंद झाली आणि पुढं नुसता समुद्र. नात म्हणाली, "आजी, बोल की काहीतरी." मी काच खाली करून वारा अंगावर घेतला.

रेवदंडा गाव अर्धं किल्ल्याच्या तटातच वसलेलं. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यातल्याच एकीत वन्संचं घर. त्या सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. मी पाया पडले आणि नेलेली साडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी साडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. हात पदराला पुसले.

"आता सही कुटं करायची?"

साडी न्यावी, हे मलाच सुचलं होतं. एवढं वय झालं तरी अक्कल तिथंच!

"सही न्हाई वन्सं," मी म्हणाले. "चुकले मी. ते सांगायला आले."

त्या उठल्या. नातीला म्हणाल्या, "चल पोरी, तुला किल्ला दावते." पुढच्या सीटवर त्या बसल्या, मी मागं. त्या दाखवत होत्या, ही फिरंग्यांची वेस, ह्यो मनोरा, सात मजल्यांचा व्हता म्हणत्यात, आता एवढाच उरलाय. छप्पर नसलेल्या चर्चमध्ये गवत वाढलं होतं. शेवटी तट जिथं ढासळून वाळूत उतरतो, तिथं आम्ही थांबलो. भरती चढत होती, दगडांवर पाणी आपटत होतं.

"वन्सं, चला माझ्याबरोबर. आत्ताच. गाडी हाय."

"तुझ्या गाडीत बसून माहेरी येणार न्हाई मी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं. "आले तर एस्टीनं येईन. माझं मला वाटंल तवा. आन् माहेर ऱ्हायलंय कुटं? तितं तर इमारत हाय."

"इमारतीत मी हाय की."

"व्हय. तू हायेस." एवढंच म्हणून त्या घरी जायला गाडीत जाऊन बसल्या. निघताना मात्र आम्हाला सोलकढी पाजली. साडी आत नेली की नाही, ते मी पाहिलं नाही.

घाट चढताना नातीनं विचारलं, "येतील का गं त्या?"

"काय माहीत," मी म्हणाले.

आमच्या इमारतीत सगळीकडं आयटीतली पोरं भाड्यानं राहतात. परवा खालची, अंगणाकडची खोली रिकामी झाली. रोज दोघं-तिघं विचारायला येतात. मी ती झाडून, कॉटवर धुतलेली चादर घालून ठेवली आहे. विचारणाऱ्याला सांगते, "ती न्हाई मिळायची, बाबा. तितं माणूस यायचंय."