नखावर फिरणारा बाण

रामाकोन्याच्या आठवडी बाजारात तो म्हातारा बांबूच्या टोपल्या विकायचा. शेजारी दोन-चार धनुष्यबाणही मांडलेले असत. शिकार त्यानं कधीचीच सोडली होती. बाण आता लोक बैठकीत टांगायला नेत. तरी प्रत्येक बाण तो निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा, मग अंगठ्याच्या नखावर टेकवून भोवऱ्यासारखा फिरवायचा. नखाला जराशी थरथर जाणवली की बाण परत निखाऱ्यावर.

मी आपला घाईत. म्हटलं, "बाबाजी, भितीवरच त लावाचा हाय. कायले एवढी मेहनत करून राहिले?"

त्यानं मान वर केली नाही. पीस बांधलं, उरलेला दोरा दातानं तोडला.

"भितीवरून कोन कवा उतरवन, काय सांगता येते भाऊ? वाकड्या बाणानं जनावर मरत नाई. पोटात बाण घेऊन फिरत राह्यते. म्या पाह्यलं हाय."

त्यानं बाण आणखी एकदा शेकला.

यंदा रानडुकरांनी आमच्या संत्र्याची नवी कलमं मुळासकट उकरली. पहाटे बागेत पुन्हा खुडबुड ऐकू आली, तसा मी रागानं म्हाताऱ्याकडून आणलेला भिंतीवरचा धनुष्यबाण खाली काढला. निघता निघता काय वाटलं कोण जाणे, बाण नखावर टेकवून फिरवला. पावसाळ्याच्या ओलीनं तो वाकला होता. नख थरथरलं.

बाण परत खिळ्यावर टांगला आणि रिकामा डबा बडवत बागेत शिरलो.