शर्मिलाताईंचा खडा

शर्मिला ओव्हाळ यांनी जन्मभर टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी केली आणि निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांत सोन्याच्या बांगड्या करायच्या सोडून दुर्बीण घेतली. धायरीतल्या त्यांच्या सोसायटीत याचं बरेच दिवस हसू झालं. मग लोकांना सवय झाली.

गच्चीवर दुर्बीण लावायची, तिला कॅमेरा जोडायचा आणि आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं फोटो घेत बसायचं. मग ते फोटो कॉम्प्युटरवर एकामागोमाग पळवले, की तारे जागच्या जागी खिळलेले दिसतात आणि त्यांच्यामधून एक बारीक ठिपका सरकत जातो. तो लघुग्रह. अख्खी संध्याकाळ घालवून हाती येते ती पाच-दहा सेकंदांची फिल्म. शर्मिलाताईंना तेवढी पुरे. पत्रं त्यांनी फक्त खणात टाकली होती, कुठे पोचताना पाहिली नव्हती. हा ठिपका निदान जाताना दिसायचा.

त्यांचे यजमान पोपटराव स्वारगेटला एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. लघुग्रहाला ते ‘खडा’ म्हणत.

“काय, पोचला का तुझा खडा? आमच्याकडे इतकी लेट गाडी असती तर लोकांनी केबिनच्या काचा ठेवल्या नसत्या.”

हे म्हणत ते गच्चीच्या दारात उभे असायचे, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात मोबाइलचा लख्ख दिवा. झालं! उजेड दुर्बिणीत शिरायचा आणि तेवढे फोटो पांढरेफटक.

“अहो, दिवा! दिवा बंद करा आधी!”

“मग चहा काय चाचपडत पाजू?”

खराब झालेले फोटो शर्मिलाताई काढून टाकत. त्यामुळे फिल्ममध्ये तो ठिपका सरळ चालता चालता मध्येच टुणकन उडी मारायचा. पोपटरावांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, “इथे खड्डा दिसतोय. वरचे रस्तेही धायरीसारखेच की.”

“खड्डा नाही तो. तिथे तुम्ही आहात, चहा घेऊन आलेले.”

पोपटरावांनी फिल्म परत लावायला सांगितली. त्यानंतर दोघं फिल्म बघायला बसले आणि ठिपक्यानं उडी मारली, की ते हळूच म्हणत, “हा मी.”

शेवटची फिल्म फेब्रुवारीतली. त्या संध्याकाळी ते चार वेळा वर आले. आधी चहा. मग शाल. मग कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस, म्हणून. चौथ्यांदा रिकाम्या हातानं.

“आता काय?”

“काही नाही. खाली करमेना.”

“माझे फोटो गेले ना पण!”

“बरं बाई, जातो.” दिवा बंद करून, भिंत चाचपत ते जिना उतरले.

मार्चमध्ये एका दुपारी पेपर वाचता वाचता पोपटराव गेले.

त्यानंतर दुर्बिणीवरचं कापड निघालं नाही. शर्मिलाताई ती एकच फिल्म लावून बसायच्या. पोपटरावांचे फोटो घरात पुष्कळ होते, लग्नातले, निवृत्तीच्या दिवशीचे, हार घातलेले. त्या सगळ्यांत ते फोटोसाठी उभे होते. या चार उड्यांमध्ये मात्र ते शर्मिलाताईंकडे आले होते.

वर्ष झालं. पुण्यानुमोदनाला मुलगा आयुष दोन दिवस आधीच हिंजवडीहून येऊन राहिला. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. पाहुणे बसलेले असताना त्यानं पडदे ओढले आणि टीव्ही लावला.

“आई, तुझी फिल्म. बाबा होते तेव्हाची शेवटची.”

ठिपका निघाला. शर्मिलाताई पुढे सरकून बसल्या. चहाची जागा आली. ओठांवर ‘हा’ आलाही होता. ठिपका उडी न मारता तसाच पुढे गेला, शालीवरून, किल्लीवरून, सरळ कडेपर्यंत.

“मध्ये मध्ये अडखळत होता ना तो,” आयुष म्हणाला. “तेवढे फोटो कॉम्प्युटरकडून बनवून घेतले. सगळे खड्डे बुजवले बघ.”

“आणि जुनी फिल्म?”

“तिच्याच जागी ही सेव्ह केली. का गं?”

मूळ फोटो शर्मिलाताई कधीच ठेवत नसत. फिल्म झाली, की कॉम्प्युटर भरतो म्हणून पुसून टाकत. त्यांनी आयुषकडे पाहिलं. जागरणानं त्याचे डोळे लाल झाले होते, आणि लहानपणी चित्र काढून दाखवायला आणायचा तेव्हासारखा तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“काही नाही. छान झालीय. अगदी सुरळीत.”

“परत लाव रे,” आयुषची आत्या मैना म्हणाली. “मला तो ठिपका सापडेपर्यंत संपलीसुद्धा.”

त्यानं परत लावली. जागा शर्मिलाताईंना पाठ होत्या. पहिली आली तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले. उघडले तर ठिपका थोडा पुढे गेलेला. चहा. पुन्हा मिटले, उघडले. शाल. मग किल्ली.

चौथ्यांदा मिटलेले डोळे त्यांना लवकर उघडवेनात.

“आई,” आयुष पडदा सारत म्हणाला, “संपली गं फिल्म.”