नसलेल्या आंब्याची नोंद

मुळगावात डोंगराच्या पायथ्याशी अनंतचं कुळागर होतं. पोफळी, माड, त्यांवर चढलेल्या मिरवेली. वरच्या झरीचं पाणी पाटाने खाली यायचं, त्यावर सगळं उभं. अनंत बिनलग्नाचा. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी तो गेला, आणि मृत्युपत्र काही केलं नाही. मागे वारस दोघंच: मांद्र्याला दिलेली थोरली बहीण सत्यवती आणि वास्कोला बंदरात नोकरी करणारा धाकटा गोपाळ. गोव्यात बहिणीचा वाटा भावाइतकाच. पण वाटे पडेपर्यंत कुणीतरी सांभाळायचं आणि जे जे आहे त्याची यादी कोर्टात शपथेवर द्यायची. मला रजा मिळत नाही, बाय, तूच हो पुढे, असं गोपाळ म्हणाला आणि ती झाली.

तोवर शेजारच्या शंभूने झरीच्या अलीकडे दगड रचून गडगा घातला होता. सर्व्हेवाले आले त्या दिवशी अनंत तापाने अंथरुणात होता; शंभूने हात केला तिथे हद्दीची रेघ पडली. आता झर गेली तर दोन उन्हाळ्यांत पोफळी माना टाकणार, हे सत्यवतीला न सांगता कळत होतं.

यादी तिने मांद्र्यालाच लिहिली. दुपारची कामं आटपली की ती पडवीत बसायची. समुद्राची गाज यायची, डोळे मिटायचे, आणि ती मुळगावच्या अंगणात उभी असायची. ओल्या शेणाचा वास. दाराची कडी हाताला गार लागायची. आत सोपा, रगडा, पाणी तापवायचं तांब्याचं भाण, अनंतची छत्री. मग मागच्या दाराने पाटाच्या कडेकडेने वर. पाणी बोलत असायचं, पोफळींच्या सावल्या तिच्या पावलांवरून सरकायच्या, आणि झरीपलीकडे थंडगार अंधार घेऊन उभा असायचा आंबा. डोळे उघडून तिने लिहिलं: मुसराद आंबा, एक.

डिचोलीचे वकील रघुनाथबाब यादी वाचता वाचता थांबले. यादी ऐकून गोपाळने सगळं कुळागर पालथं घातलेलं. असा आंबा कुठेच नाही, हे त्याने त्यांना आधीच सांगितलं होतं.

"हो आंबो खंय आसा, बाय?"

सत्यवती उत्तर द्यायला गेली आणि तिचं तिलाच आठवलं. आंबा चाळीस वर्षांपूर्वीच तोडला होता, वडिलांच्या चितेसाठी. नसलेलं शपथेवर लिहायचं नाही, रघुनाथबाब समजुतीने म्हणाले. जाऊन बघा, खोडा आणि द्या.

रविवारी गोपाळला घेऊन ती गेली. शंभू गडग्यावर पाय सोडून बसला होता. त्याला सगळी हकीकत कळलेली.

"सपनां लिवन काडलंस म्हणे गो? माजो हत्तीय घाल मगे तेतूंत."

ती पाटाच्या कडेला आली. गडग्याच्या अलीकडेच उभी राहिली आणि डोळे मिटले. सावली कुठे सुरू व्हायची ते पायांना माहीत होतं. ती चालू लागली, गोपाळ मागून. गडगा आला तसा गोपाळने तिचा हात धरून तिला पलीकडे नेलं. शंभू उठून उभा राहिला. झर ओलांडून ती आणखी थोडी पुढे गेली आणि थांबली. वडील इथे खोडाला टेकून बसायचे. पाय लांब करायचे आणि टाचा टेकवायचे त्या मार्कवर, म्हणजे हद्दीच्या दगडावर. आणि तिला म्हणायचे, हेच्या फुडें आपलें न्हय.

"हांगा खण," ती गोपाळला म्हणाली.

वरचा थर डोंगरावरच्या खाणीकडून वाहून आलेल्या लाल मातीचा. खाली बुंधा कुजून चहाच्या पुडीसारखा झालेला. त्याच्याही पुढे दोन हातांवर कुदळ टणकन वाजली. जांभ्या दगडावर टाकीने कोरलेली फुली ओली आणि स्वच्छ होती, जणू कालच कुणी टाचा उचलल्या होत्या.

शंभूने खड्ड्यात वाकून फुलीवरून बोट फिरवलं. त्याच्या बापाने त्याला कधी काही सांगितलं असेल-नसेल. मग हळूच म्हणाला, "उदक तरी घेवंक दितलंस मगे?"

"घागरीन व्हर," सत्यवती म्हणाली. "पाट मात वळोव नाका."

संध्याकाळी दोघं पुरुष गडग्याचे दगड काढत होते. तिने अनंतच्या सोप्यावर बसून आंबा खोडला आणि खाली लिहिलं: हद्दीचा मार्क, एक. झर, एक. शपथ मंगळवारी होती. मागच्या दाराने पाण्याचा आवाज येत होता. ऐकता ऐकता तिचे डोळे मिटले आणि सावली पायांपर्यंत आली.